गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत

आमच्या घरात मला जांभई देण्याची सोय नाही. आई देते, बाबाही द्यायचे. पण मी दिली की आईचा भाजी चिरणारा हात थांबतो. नाक गळणं, अंग मोडून येणं, डोळ्यांतून पाणी येणं, हे सगळं इतरांना सर्दी झाली म्हणून होतं. मला झालं की घराला आधी दुसरीच शंका येते. आईला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण ती शंका मलाही येते. मागच्या हिवाळ्यात साधा ताप आला होता, तर मी पांघरुणात पडल्या पडल्या आठवत होतो, आपण काही घेतलं तर नाही ना. घेतलं नव्हतं. तरी सगळा आठवडा मनात उलटापालटा करून पाहिला.

नशा सुटून बरीच वर्षं झाली. किती, ते सांगत नाही. भिलाई-3 ला रेल्वे क्वार्टरांच्या मागे एका हॉलमध्ये आमची, नशा सोडलेल्यांची, मीटिंग भरते, तिथं लोक आपापली वर्षं सांगतात आणि टाळ्या घेतात. त्यांचं बरोबरच आहे. मला मात्र आकडा मोठा झाला की आतून माज चढतो, आणि माज मला परवडणारा नाही, म्हणून मी मोजणंच सोडलं. शरीरातून ते सगळं केव्हाच निघून गेलं. डोकं मात्र अजून जुन्याच ड्युटीवर आहे.

कोणाच्याही घरी गेलो की पाण्याचा पेला हातात यायच्या आधी मला कळलेलं असतं, या घरात औषधं कुठं ठेवतात. फ्रिजवरचा डबा, टीव्हीमागची बरणी, खुंटीवरची कापडी पिशवी. मी पाहत नाही, डोळेच पाहून येतात. गोळ्यांच्या पट्टीचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू येतो. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना एखाद्या बाईनं पर्समध्ये हात घालून पट्टी दाबली की माझी मान वळते. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज वेगळा, गुटख्याच्या पुडीचा वेगळा. माझा कान चुकत नाही. एवढं लक्ष शाळेत दिलं असतं तर मीही बाबांसारखा स्टील प्लांटमध्ये लागलो असतो.

आमच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही. एकदा बाबांनी ते दार खांद्यानं तोडून मला बाहेर काढलं होतं. माझे ओठ निळे पडले होते असं आई सांगते, मला काहीच आठवत नाही. दार नंतर नवीन बसवलं, कडी मात्र लावली नाही. मी आंघोळीला गेलो की गातो. गळा भसाडा आहे, सुराशी माझं कधी जमलं नाही, पण गाणं थांबलं की आई बाहेरून हाक मारते, म्हणून तोंडाला साबण लावतानाही गुणगुणत राहतो. थंडीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो. हथखोजच्या कारखान्यांच्या भागात ज्या शेडमध्ये मी कामाला आहे तिथले लोक म्हणतात, याला थंडीच वाजत नाही. चांगली वाजते. पण पूर्ण बाह्या घातल्या की आईची नजर कोपरापाशी जाते, आणि त्या नजरेपेक्षा थंडी बरी.

कामावरून आलो की कोणी न विचारता खिसे टेबलावर रिकामे करतो. किल्ली, रुमाल, मोबाईल. आणि इतका वेळ कुठं होतो याची गोष्ट तयार ठेवतो. खरोखर चक्कीवर दळण आणायला गेलेलो असतो, चक्कीची लाईट गेलेली असते, तरी रस्ताभर ती गोष्ट जुळवत येतो आणि सांगताना ती मलाच बनावट वाटते. आई ऐकून घेते आणि 'बरं' म्हणते. त्या 'बरं'चा मला अजून राग येतो.

मला हे कसं लागलं त्याची कहाणी लहान आणि कंटाळवाणी आहे. हथखोजच्याच एका कारखान्यात खांदा निखळला, दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या, दुखणं गेलं आणि गोळ्या राहिल्या. पुढं सुई आली. त्यानंतर घरात जे होतं ते अशा प्रत्येक घरात सारखंच होतं, त्यात माझं असं काही नाही. दोनदा नशामुक्ती केंद्रात राहिलो. पहिल्यांदा परत आलो तेव्हा बाबा रिटायर झाले होते आणि टाऊनशिपचं क्वार्टर सोडून आई-बाबा वैशाली नगरच्या घरात राहायला आले होते.

बाबा प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. तिथं एखादी मशीन दुरुस्तीला घेतली की तिचा स्विच बंद करून त्यावर लाल टॅग लटकवायचे, आणि त्या टॅगवर लटकवणाऱ्याचं नाव असायचं. मग साहेब येवो की आणखी कोणी, तो टॅग दुसऱ्यानं काढायचा नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, कारण आत कोणाचा हात आहे ते त्यालाच माहीत. मी लहान असताना एकदा बाबा टॅग काढायचं विसरून घरी आले. आम्ही जेवायला बसलो होतो, तेवढ्यात प्लांटची जीप दारात उभी. सगळी मिल बाबांसाठी थांबली होती. बाबा उष्ट्या हातानंच जीपमध्ये बसले. ही गोष्ट ते पुढं कित्येक वर्षं अभिमानानं सांगत. त्यात विसरले ते स्वतःच, याचं त्यांना काही वाटत नसे. एवढं नुकसान होत असताना टॅगला दुसऱ्या कोणी हात लावला नाही, हेच त्यांना मोठं वाटायचं.

मी केंद्रातून दुसऱ्यांदा परतलो त्या दिवशी त्यांनी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून बाहेर काढली. खोकल्याचं औषध, आईच्या गुडघ्याच्या गोळ्या, सगळं. मग समोरच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीपुढं आई आणि मला उभं केलं आणि म्हणाले, "आजपासून या घरावर टॅग लावला मी. दुखाची गोळी या घरात येनार नाई. लावला मी, काढीन बी मीच."

पंचशीलातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं आहे. दर रविवारी विहारात आम्ही ते म्हणतो, बाबा लहानपणापासून म्हणत आले. पण माझ्या बाबतीत त्यांचा भरवसा टॅगवर जास्त होता. विहारात पाचवं शील आलं की आजूबाजूची काही डोकी अजून माझ्याकडं वळतात. जोरात म्हटलं तर वाटतं, दाखवतो आहे. हळू म्हटलं तर वाटतं, अडखळला. मी मधल्या आवाजात म्हणतो आणि सतरंजीकडं पाहतो.

टॅग लागला तो लागला. आईची दाढ ठणकली तेव्हा तिनं लवंग धरून दिवस काढले. तिचे गुडघे सुजायचे तेव्हा बाबा स्वतः विटेचा तुकडा गरम करून फडक्यात बांधून शेकून द्यायचे. मला लाज वाटायची आणि मी काही बोलायचो नाही. खरं म्हणजे त्या टॅगच्या आत मला सुरक्षित वाटायचं. घराबाहेर सगळं जग गोळ्यांनी भरलेलं होतं, आणि घरात एकही नव्हती.

मग बाबांना कॅन्सर निघाला. प्रोस्टेटचा, आणि कळेपर्यंत तो पाठीच्या मणक्यात उतरला होता. प्लांटच्या मोठ्या हॉस्पिटलात रिटायर लोकांचा इलाज होतो, तिथं गेलो. बाबा डॉक्टरांशी एकटेच आत बोलले, आई आणि मी बाहेर बाकावर. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की दुखण्यासाठी रोज इथं येऊन इंजेक्शन घ्यावं लागेल. गोळ्याही असतात, पण सध्या स्टॉकमध्ये नाहीत, आल्या की देतील. बाबा आयुष्यात खोटं बोलले नव्हते, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात खोटं शोधायची आम्हाला सवयच नव्हती. घरात खोटं बोलायचं खातं माझ्याकडं होतं.

शेडमध्ये मी दुपारची पाळी मागून घेतली आणि रोज सकाळी बाबांना ऑटोत घालून नेऊ लागलो. ऑटोवाला छत्तीसगढी होता, वयस्क, बाबांना बबा, म्हणजे आजोबा, म्हणायचा, आणि शक्य तेवढं हळू चालवायचा. वैशाली नगरपासून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता चांगला आहे असं मी आयुष्यभर समजत आलो होतो. मणक्यात कॅन्सर असलेल्या माणसाला शेजारी धरून बसल्यावर कळलं की त्यात किती स्पीडब्रेकर आहेत, कुठं डांबर उखडलं आहे, कुठं केबलसाठी खोदून तसंच बुजवलं आहे. प्रत्येक ब्रेकरच्या आधी बाबा पुढचा दांडा घट्ट धरायचे आणि डोळे मिटायचे. तोंडातून शब्द नाही. माझ्या मांडीवर त्यांचा दुसरा हात असायचा, त्याची बोटं मात्र बोलायची.

हॉस्पिटलात पोचलो की ते मला सांगायचे, तू बाहेरच बस. मला त्याचं बरं वाटायचं. सुई पाहावी लागत नव्हती. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायचो आणि आत ट्रेमध्ये काही वाजलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचो. इंजेक्शन घेऊन आले की बाबांचा चेहरा जरा मोकळा झालेला असायचा. परतीच्या रस्त्यात ते चक्क बोलायचे, कोणत्या सेक्टरमध्ये पूर्वी काय होतं ते दाखवायचे. पण ते सगळं दुपारपर्यंत. नंतर दुखणं परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहायचं. बाबांच्या घशातून एक आवाज निघायचा आणि ते तो खोकल्यात लपवायचे. आई आत पोळ्या लाटत रडायची.

असे बरेच आठवडे गेले. गोळ्या येत नव्हत्या. एके दिवशी बाबा आत असताना माझं डोकं फिरलं. मी औषधांच्या खिडकीवर गेलो आणि आवाज चढवला. माणूस मरतो आहे आणि तुमचा स्टॉक येत नाही, वगैरे. रांगेतले लोक सरकून उभे राहिले. खिडकीतला माणूस माझ्याकडं डॉक्टरांचा कागद मागत होता आणि मी त्याला कागद कशाला पाहिजे म्हणून आणखी ओरडत होतो. तेवढ्यात इंजेक्शनच्या खोलीतली सिस्टर बाहेर आली. ती केरळची होती, बरीच वर्षं भिलाईत असावी, हिंदी सफाईदार होती. तिनं मला बाजूला घेतलं.

"गोली तो पहले दिन से है," ती म्हणाली. "अंकल ने खुद मना किया. बोले, घर के लिए मत लिखो, घर में बच्चा है, खा लेगा."

मी पुन्हा औषधांच्या खिडकीकडं पाहिलं. तिला वाटलं मला नीट कळलं नाही.

"कितने साल का है बच्चा?" तिनं विचारलं.

छोटा है, मी म्हणालो. माझ्या दाढीत तेव्हा पांढरे केस आले होते. ती बिचारी मला समजावून सांगू लागली की गोळ्या वरच्या खणात ठेवा, कुलूप लावा, लेकराला रागावू नका, त्याला काय समजतं. पण एका नासमज लेकरापायी म्हाताऱ्या माणसानं रोज एवढं सोसायचं हे बरं नाही. मी मान डोलावत होतो. शरमेनं माझे कान तापले होते. आणि त्याच वेळी, हे लिहिताना हात अडखळतो आहे, माझ्या डोक्यानं एक गोष्ट टिपून ठेवली होती: गोळ्या पहिल्या दिवसापासून आहेत, आणि त्या याच खिडकीतून मिळतात. म्हणजे बाबांचं चुकलं नव्हतं. घरात बच्चा होता.

परत येताना मी काहीच बोललो नाही. जे कळलं ते लगेच सांगायचं नाही, खिशात ठेवायचं, ही माझी जुनीच खोड. पण आता प्रत्येक ब्रेकरला मला ठाऊक होतं की हा धक्का माझ्यामुळं आहे. मी घरात नसतो तर हा माणूस आपल्या खाटेवर पडून गोळी घेऊन झोपला असता. तो रस्ता मला संपता संपेना.

मीटिंगमध्ये मी हे बोललो. तिथं रेल्वेतून रिटायर झालेला एक गार्ड येतो, बोलायला रोखठोक. तो म्हणाला, गोळ्या घरात येणार असतील तर तू घराबाहेर नीघ, दोघं एका छताखाली नको. मला ते पटलं. शेडच्या मागं एक खोली होती, वेल्डिंग मशीन ठेवायची. मालकाला विचारलं, तो हो म्हणाला. बाबांजवळ आता जास्त दिवस नव्हते हे मला समजत होतं. ते दिवस मी वेल्डिंग मशीनसोबत काढणार होतो. पण त्यांना दुखलं तरी नसतं.

दुपारी कामावर जायच्या आधी मी त्यांच्या खाटेजवळ बसलो. आई पायथ्याशी होती.

"बाबा, मले मालूम झालं," मी म्हणालो. "गोळ्या हायेत. मी हथखोजले शेडमधे राह्यतो. तुमी गोळ्या घरी आना."

बाबांची नजर पंख्यावर होती.

"तुले बाहेर काढून गोळ्या आत आनू?" ते म्हणाले. "मंग एवढे वर्ष टॅग कावून लावला होता मी?"

मी म्हणालो की तुम्हाला किती दुखतं ते आम्हाला दिसतं. तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"दुखते ते मले दुखते. ते सहन होते. तू तिकडं एकटा पडला तं मी इथं पडून काय करू? अन् घरात ठेवल्या अन् तू घेतल्या, तं थे बाथरूमचं दार पुन्हा तोडाची ताकद नाई राह्यली माह्या खांद्यात."

त्या वेळी म्हणायचं एकच वाक्य होतं, की मी घेणार नाही. ते माझ्या तोंडातून निघेना. पूर्वी ते मी इतक्या वेळा आणि इतक्या शपथांवर म्हटलं होतं की त्यात आता काही उरलं नव्हतं. आणि मला खरंच माहीत नव्हतं. आई म्हणाली की ती अशा जागी लपवून ठेवेल की कोणाला सापडणार नाही. हा शोधून काढंन, बाबा म्हणाले. मी होकारार्थी मान हलवली. काढल्याच असत्या.

म्हणून ऑटो चालूच राहिला, आणि शेडमागची खोली तशीच राहिली. उन्हाळा चढला. सकाळीच झळा लागायच्या. बाबांचं वजन इतकं उतरलं की त्यांना ऑटोत बसवताना माझा दुखरा खांदाही कुरकुर करत नव्हता. मग एक दिवस सुपेल्याजवळ समोर अचानक गाय आली आणि ऑटोवाल्यानं ब्रेक दाबला. फार जोरात नव्हता. पण बाबा ओरडले. मी त्यांना आधी कधीच ओरडताना ऐकलं नव्हतं, मिलमध्ये हात भाजला होता तेव्हाही नाही. रस्त्यावरची माणसं थांबली. ऑटोवाला उतरून त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला, जणू त्यानंच मारलं होतं. बाबांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, वापस चाल.

घरी आणून आम्ही त्यांना खाटेवर ठेवलं. घामानं बनियन भिजलं होतं. आई पंख्याखाली आणखी हातपंख्यानं वारा घालत होती. बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास जाग्यावर आला.

"जा. लिहून आन," ते मला म्हणाले. "टॅग काढून राह्यलो मी."

आईनं विचारलं, कुठं ठेवायच्या. तिनं मनात जागा धरून ठेवली असावी, तांदळाच्या कोठीत नाहीतर लुगड्यांच्या घडीत.

"माह्या उशाशी. वाटीत. उघड्या," बाबा म्हणाले. "लपवल्या का हा दिवसभर थेच शोधत बसंन. अन् गोळी मले हाच देईन. तू नाई."

आई काही बोलायला गेली, पण बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

मी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी लिहून दिलं, सह्या घेतल्या. सिस्टरनं पट्ट्या पाकिटात घालून दिल्या, कशा कशा द्यायच्या ते सांगितलं, आणि बच्चे को दूर रखना म्हणाली. हाँ, मी म्हणालो. परत येताना पाकीट खिशात ठेवलं नाही, तळहातावर समोर धरून बसलो. ऑटोवाल्याला सांगितलं, कुठंही थांबू नका, माझ्या सांगण्यावरूनही नाही. घरी येऊन टेबलावर खिसे रिकामे केले: किल्ली, रुमाल, मोबाईल. त्यांच्याशेजारी ते पाकीट ठेवलं आणि आईला हाक मारली.

त्यानंतरचे दिवस मला चांगलेही आठवतात आणि वाईटही. गोळ्या लागू पडल्या. बाबा पाठीवर निजू शकले. भात आणि वरण खाऊन पाहिलं. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावाबद्दल बोलले, पाटाचं पाणी, भावांबरोबर धरलेले मासे, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. मी पट्टी दाबायचो, तो आवाज माझ्या बोटांखालीच व्हायचा, गोळी तळहातावर पडायची, त्यांच्या जिभेवर ठेवायचो, पाणी द्यायचो. थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल व्हायच्या. ते सैल होणं मला आतून माहीत होतं. बाप दुखण्यातून सुटतो आहे याचा आनंद व्हायचा, आणि तसं आपणही सुटावं ही ओढ त्याच जागी असायची. कोणता आनंद, कोणती ओढ, हे मला वेगळं काढता यायचं नाही. मग मी मागच्या अंगणात जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचो आणि आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात गुणगुणायचो.

सुरुवातीला मी आणखी एक करायचो. गोळी दिली की आईपुढं तोंड उघडून दाखवायचो, जीभ वर करून. केंद्रात तसं दाखवावं लागायचं, तीच सवय वर आली. आई मान फिरवायची. एकदा बाबांनी ते पाहिलं.

"बंद कर थे तोंड," ते म्हणाले. "बाजारातला बैल आहेस का दात दाखवाले?"

मी बंद केलं. पुन्हा दाखवलं नाही, पण त्यापुढं गोळी देताना दुसरा हात पाठीमागं ठेवू लागलो, कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

एकदा पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुले तरास होते का?"

नाही, मी म्हणालो. ते तोंडात आपोआपच येतं. मग म्हणालो, हो, होते.

"मालूम आहे मले. घडीघडी हात धुतो तू," ते म्हणाले, आणि माझा हात धरून ठेवला. त्यांची पकड आता लहान पोराएवढी राहिली होती. मला रडू आलं. मी त्यांच्याजवळ रडलो आणि त्यांनी मला रडू दिलं. मध्येच ते म्हणाले की घेतली असती तं मले कळलं असतं, आणि पुन्हा झोपले. कळलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी घेतली नव्हती.

शेवटी शेवटी ते दिवसभर झोपूनच असायचे. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की असं होईल. त्या दुपारी आई मागच्या नळावर त्यांच्या चादरी धूत होती. मी खाटेजवळ खुर्चीवर होतो. बाबांचा श्वास येत होता, मग बराच वेळ येत नव्हता, मग एकदम यायचा. तो थांबला की मीही माझा धरून ठेवायचो. असा एकदा थांबला आणि मी धरून ठेवलेला सोडला तरी त्यांचा आला नाही. मी वाकून पाहिलं. डोळे अर्धवट उघडे होते. बाबा गेले होते.

तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: वाटीत पट्टी आहे, आणि आता ती कोणाचीच नाही.

हा विचार रडण्याच्या आधी आला. बाबा म्हणून हाक मारण्याच्या आधी आला. मी तो आणला नाही आणि मला तो हाकलताही आला नाही. तो अगदी शांत होता, घरातल्या माणसासारखा येऊन बसला. घरात त्या घडीला माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि मागं नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

मी बाबांच्या पायांना हात लावला नाही. डोळे मिटले नाहीत. दोन्ही हातांनी वाटी उचलली, अंगापासून लांब धरली आणि मागच्या दारानं बाहेर गेलो. आई वाकून चादर पिळत होती. मी तिच्यापुढं वाटी धरली.

तिनं वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. नळ तसाच वाहत होता. ही वाटी बाबांच्या उशापासून कधी हलली नव्हती, त्यामुळं तिला विचारावं लागलं नाही. तिनं ओले हात लुगड्याला पुसले. वाटीतली पट्टी उचलली, घडी करून आपल्या चोळीच्या आत खोचली आणि वरून पदर ओढून घेतला. मग ती त्या ओल्या फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली.

मी आत आलो आणि बाबांचे डोळे मिटले.